उशाशी लावलेलं नाम

वैजयंतीच्या सासूबाईंच्या, म्हणजे गोजराबाईंच्या पायाच्या करंगळीवरची जखम दीड महिना झाला तरी भरेना. त्यात साखर. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "पंधरा दिवस बघू, नाहीतर करंगळी काढावी लागेल."

वैजयंतीने सगळा दोष वरच्या मजल्यावर टाकला. तिथे राहणाऱ्या दिलीपकडे फरश्या फोडायचं काम चाललं होतं, दिवसभर ठणठणाट. "खाली आजारी माणूस आहे, काही वाटतं का तुम्हाला?" म्हणून तिने त्याला दारात उभं करून सुनावलं, सोसायटीत अर्ज दिला. बिचाऱ्याने काम थांबवलं. जखम होती तशीच.

सोमवारी ड्रेसिंगला आलेल्या रंजिता सिस्टरने बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला.

"आजी, एकशे चार! झोपता की नाही?"

गोजराबाई भिंतीकडे बघत राहिल्या.

"आणि हे काय वाजतंय सारखं?"

उशाशी प्लगला लावलेली नामजपाची डबी होती ती. आईंना गुण यावा म्हणून वैजयंतीनेच आणलेली. महिना झाला, अखंड चालू.

"नाम आहे ते, सिस्टर. नामाचा कसला त्रास?"

"तुमची श्रद्धा आहे, ताई, पण कानाला तो आवाजच. झोप मोडत राहिली की अंग ताणात राहतं, साखर उतरत नाही. जखम भरणार कशी?" सिस्टरने बटण बंद केलं.

घर एकदम गप्प झालं. वैजयंतीने हळूच विचारलं, "आई, बोलला का नाहीत? देवाचं नाव बंद कर कसं म्हणायचं, म्हणून?"

"देव कशाला रागावतोय? तुला भ्याले मी. त्या दिलीपला कसं फाडून खाल्लंस, ते इथं पडून ऐकलं नव्हतं व्हय?"

सिस्टरला हसू आलं. वैजयंतीचे मात्र कान तापले. त्या दुपारी गोजराबाई तीन तास घोरत होत्या, आणि देवासमोर बसायचं वैजयंतीच्या जिवावर आलं.

दहाव्या दिवशी सिस्टरने पट्टी सोडली. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. "भरतेय हं आजी! वाचली करंगळी."

"सुनंनं लई केलं हो माझं," गोजराबाई कौतुकाने म्हणाल्या. "माझी लेकसुद्धा करणार न्हाई इतकं."

वैजयंतीला ते ऐकवेना. "कापूस आणते," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. कापूस सिस्टरच्या हातातच होता.