शिंत्रे सरांचं नाक

आमच्या लॅबमध्ये दिवसभर व्हिस्की असते, पण ती गिळायची नसते. हुंगायची, जिभेवर फिरवायची आणि थुंकायची. त्यामुळे सगळे कायम शुद्धीत! किस्से साठत जातात, विसरायची सोयच नाही.

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातली आमची कंपनी. ब्रँड आजोबांच्या काळातला. वेगवेगळ्या पिंपांतला माल मिसळून दर वेळी तीच चव आणायची, हे मिरजेच्या शिंत्रे सरांचं काम. हाताखाली मी आणि हरप्रीत.

पहिल्याच दिवशी सरांनी मला दारात अडवलं. "पोह्यांवर कच्चा कांदा घेतलास ना गं? तासभर बाहेर थांब." माझी नोकरी पार्किंगमध्ये सुरू झाली!

*

सरांच्या आईनं गावात सांगितलेलं, "लेक औषधाच्या कंपनीत आहे." एका काकांनी खोकल्याचं औषध मागितलं. सर काय करणार? बाटली दिली. पुढच्या वर्षी काकांचा फोन, "खोकला गेला रे, पण औषध चालूच ठेवावं म्हणतो!"

*

एक रिटायर्ड कर्नल भांडायला आले. "स्वाद बदल गया है!" सरांनी जुन्या आणि नव्या बाटलीतला एकेक घोट दिला. त्यांना फरक सांगता येईना. सर हळूच म्हणाले, "कर्नल साहब, पहले किसके साथ पीते थे?"

कर्नलनी दोन्ही ग्लास टेबलावर ठेवले. मग उठून गेले.

*

गेल्या हिवाळ्यात सर तापातून उठले आणि त्यांना वास येणंच बंद झालं. हरप्रीत लसणाच्या लोणच्याशी पराठे चापून त्यांच्या शेजारी उभा राहिला, तरी सर गप्प! तेव्हा आम्हाला कळलं. फार वाईट वाटलं. वरच्यांना समजलं असतं तर सर त्याच दिवशी घरी बसले असते.

मग आम्ही गुपचूप ठरवलं. प्रत्येक सॅम्पल आधी आपण हुंगायचं, बिघडलेलं बाजूला काढायचं, चांगलं तेवढंच सरांपुढे ठेवायचं. सर डोळे मिटून हुंगायचे आणि म्हणायचे, "पास."

*

एका सकाळी आम्ही पोचायच्या आधीच सरांच्या टेबलावर ग्लास भरलेला होता. सरांनी हुंगला. "आपलीच. हरप्रीत, देख जरा."

हरप्रीतनं ग्लासात नाक घातलं, माझ्याकडे पाहिलं. "पक्का अपनी है जी."

मग मी. वास कसलाच नाही. रंगासाठी वापरतो ते कॅरॅमल घातलेलं नुसतं पाणी!

"हो सर, आपलीच," मी म्हणाले.

सरांनी ग्लास उचलला आणि रिकामा केला. "हे पाणी मीच कालवून ठेवलं होतं. माझं नाक गेलंय गं. तुमचं कुठे गेलं?"