चार हजार वर्षांचा दात आणि आमचे भावोजी

आमची ताई दात कोरते. लोकांना वाटतं डेंटिस्ट आहे. "पेशंट ओरडत नाहीत, एवढाच फरक," ती म्हणते. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांची पूड करायची आणि त्यातल्या डीएनएवरून ते कोण, कुठले, हे शोधायचं, अशी तिची प्रयोगशाळा. आपला डीएनए त्यात मिसळला की सगळं मुसळ केरात. म्हणून पांढरा सूट, मास्क, हातमोजे. दिसतात ते फक्त डोळे आणि त्यावरचा जवळचा चष्मा.

त्या खेपेला चार हजार वर्षांपूर्वीच्या बाईचा दात आला. अख्ख्या सांगाड्यात धड असा तेवढाच. ताईने अर्धा कोरला आणि निकाल आला: बाई नाही, बाप्या! तोही अगदी ताजा. प्रयोगशाळेतल्या सगळ्या पुरुषांची लाळ तपासली, एकाचीही जुळेना. "उरलेला अर्धा वाया गेला तर हे काम दुसऱ्याला देईन," प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, ताईला म्हणाल्या.

ताई माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. या कामात तिचा जीव आहे हो! मला असा संताप आला! कोण हा मेला, माझ्या बहिणीच्या पोटावर पाय देणारा?

तिला घरी सोडायला गेले. भावोजींनी आमच्यादेखत तिच्या पर्समधून चष्मा काढला, काचांना थुंकी लावली, बनियनने पुसला आणि पेपर उघडला. स्वतःचा चष्मा या माणसाला लग्नापासून सापडलेला नाही.

ताई जागच्या जागी थिजली. "अगं, प्रयोगशाळेत हा चष्मा घसरला की मी बोटानेच वर करते. आणि त्याच बोटांनी दात धरते."

काखेत कळसा नि गावाला वळसा!

दुसऱ्या दिवशी ती कापसाची काडी घेऊनच घरी आली. "अहो, तोंड उघडा."

"माझा काय संबंध त्या बाईशी?"

"तेच तर बघायचंय."

जुळलं. ताईने मोठ्या बाईंना खरं काय ते सांगितलं, त्या हसून हसून बेजार झाल्या, पण अट काही सोडली नाही. मग ताईने नवा चष्मा घेतला. तो प्रयोगशाळेतच राहतो, काम करताना दोरीने डोक्याला बांधलेला. श्वास रोखून तिने उरलेला अर्धा दात कोरला. निकाल येईपर्यंत आम्हा दोघी बहिणींना घास गिळवेना.

बाई निघाली. जुनी, अस्सल, भेसळ नाही. ताई हुंदके देत घरी आली, आनंदाचे.

चार हजार वर्षांपूर्वीच्या बाईत आपला अंश सापडला, अशा फुशारक्या भावोजींनी तोवर शेजारीपाजारी मारून ठेवल्या होत्या. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे तिच्यात माझं काहीच नाही?"

"कणभरसुद्धा नाही."

"सुटली म्हणायची बिचारी," मी म्हणाले.

"हो ना," ताई डोळे पुसत म्हणाली, "ती एकटीच."