कुंदाताई आणि शिशाची धूळ

कुंदाताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनेच केला. "मावशी, आई उठत नाय," एवढंच शीतल म्हणाली. मी घोडपदेवला पोचले तेव्हा ती आईचा हात धरून बसली होती... पाच आठवडे झाले त्याला.

आम्ही दोघी एकाच बालवाडीत शिकवायचो. ताई माझ्याहून मोठ्या, कडक. त्यांचे यजमान रे रोडच्या एका शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. घरी आले की त्याच कपड्यांत शीतलला उचलून घ्यायचे, आणि ते कपडे ताई तिच्या फ्रॉकांबरोबर एकाच बादलीत भिजवायच्या. पोर शाळेत जायला लागली, पण आज पाठ केलेला पाढा उद्या साफ विसरायची. "बाईंची मुलगी असून ढ?" लोक म्हणत. ताई तिला पट्टीने मारायच्या. मी पाहिलंय. अडवलं मात्र नाही कधी.

बऱ्याच वर्षांनी बालवाडीतल्या मुलांचं रक्त तपासलं गेलं. शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या मुलांच्या रक्तात शिसं निघालं. ते वाढत्या मेंदूला इजा करतं, मुलांचं लक्ष टिकत नाही, आणि झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही, असं डॉक्टरीणबाई समजावत होत्या. ताईंनी एकच विचारलं, "कपड्यांवरनं पण जातं?"

"हो ना. धूळ हाताला लागते, हात तोंडात जातो."



यजमान तोवर वारले होते. मग ताई घरोघर हिंडू लागल्या. "कामाचे कपडे दाराबाहेर काढा, आंघोळीआधी पोराला घेऊ नका." पुरुष वैतागायचे, "बाई, संध्याकाळी नळाला पाणी असतं कुठे?" तक्रारअर्ज, सह्या, चकरा... शेवटी शेड हलली, खाडीपलीकडे गेली. मी पेढे घेऊन गेले. ताईंनी हात लावला नाही.

"तिकडं पोरं नसतील काय गं?" म्हणाल्या. त्यानंतर त्या फारशा बाहेर पडल्याच नाहीत.

परवा संध्याकाळी शीतलकडे गेले. ती आता तिशी ओलांडलेली, घरीच असते. दिवा लावून ती आईच्या खाटेच्या कडेला टेकली.

"दिवा लावला की आई रोज एक बोलायची," म्हणाली. "आता ती नाय, तर मीच बोलते."

"काय गं?"

तिने पदर सारखा केला आणि थेट ताईंच्या सुरात, सावकाश म्हटलं, "शीतल, तुझं काही चुकलं नव्हतं."