सत्तेचाळीस किलो सहाशे

कैलास काट्यावर चढला की डोळे मिटून घ्यायचा. दोन्ही हात मांड्यांना चिकटवलेले, हनुवटी किंचित वर, श्वास धरलेला. देवळातसुद्धा मी त्याला इतक्या भक्तिभावाने उभा राहिलेला पाहिला नाही. मग हळूच विचारायचा, "किती रे बाळू?" मी आकडा सांगायचो आणि मगच तो डोळे उघडून खाली उतरायचा. समोर लाल आकडे ढळढळीत दिसत असायचे, पण त्याने ते स्वतः कधी वाचले नाहीत. "आपण बघितलं का वजन वाढतं," असं त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे डोळखांबच्या भात खरेदी केंद्रावर सकाळी सगळ्यात आधी कैलासचं वजन व्हायचं आणि मग भाताचं.

कैलास व्यावसायिक बॉक्सर होता. डोक्याला टोप नाही, अंगात बनियन नाही, पोस्टरवर नाव, असलं बॉक्सिंग. आणि वजनी गट सगळ्यात हलका, सत्तेचाळीस किलो सहाशे ग्रॅम. त्याच्या खाली गटच नाही. आमच्याकडे भाताचं पोतं चाळीस किलोचं भरतात, म्हणजे कैलास एक पोतं आणि वर चार कोंबड्या. कान बाहेर आलेले, हात गुडघ्यापर्यंत, पायात सहावीतल्या पोराच्या मापाचे बूट. नवीन माणसाला सांगितलं की हा बॉक्सर आहे, तर तो आधी माझ्याकडे बघायचा. मी अंगाने भरलेला आहे. तेच तर माझं दुखणं.

मला कैलासचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याचं कौतुक केलं तर ते मला किती जड गेलं असेल ते कळेल. आम्ही एकाच पाड्यावरचे, एकाच आश्रमशाळेतले. तिथे मोरे सर कवायत शिकवायचे आणि संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग. वाळू भरलेली दोन पोती टांगलेली आणि चार हातमोजे, तेही सगळे डाव्या हाताचे. एका वजनात शाळेतून एकच मुलगा जिल्ह्याला जायचा. आम्ही दोघेही सगळ्यात हलक्या गटात. आठवीत मी त्याला हरवलं, नववीत पुन्हा हरवलं. दोन्ही वेळा मी गेलो आणि तो माझी पिशवी धरून एसटीपर्यंत आला.

दहावीत माझ्या खांद्यांना काय झालं कोण जाणे, रुंद व्हायला लागले. आईला आनंद, कारण पोरगं अंग धरतंय. मी मात्र जेवणावरून उठू लागलो. चार चार दिवस एका भाकरीवर काढले, घोंगडी पांघरून पळालो, आणि काटा पुढेच. शेजारी कैलास दोन ताटं भात खायचा, वर माझ्या वाटणीचं वरण ओतून घ्यायचा आणि होता तसाच. लोक दुसऱ्याच्या घराचा, गाडीचा हेवा करतात. मी एका माणसाच्या हडकुळेपणाचा केला. शेवटी वरच्या गटात गेलो, तिथल्या पोरांनी मला चांगला झोडपला, आणि सर म्हणाले, "बाळू, तुझं अंग भरलं रे." मी बारावी केली आणि केंद्रावर तोलाईच्या कामाला लागलो.

त्याची लढायची पद्धत सांगायला हवी. तो मागे मागे सरकत लढायचा. समोरचा पुढे येतोय, हा मागे जातोय, बघणाऱ्याला वाटावं की घाबरलाय. पण मागे जाता जाता त्याचा डावा हात असा टपकन पडायचा की समोरच्याला कळायचंही नाही. हे त्याला मोरे सरांनी शिकवलं नव्हतं, आवणीने शिकवलं होतं. चिखलात वाकून, भाताची रोपं लावत, मागे न बघता सरळ रेषेत मागे जायचं. मुंबईतल्या एका प्रशिक्षकाने त्याला पुढे जायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सर, पुढं चालत आवणी केली तर लावलेलं सगळं आपल्याच पायाखाली जातं." प्रशिक्षकाला आवणी माहीत नव्हती.

या वजनात लढणारे देशभरात मोजके. एकाच दिल्लीवाल्याशी कैलास तीनदा लढला. शेवटी दोघे एकमेकांच्या घरची खुशाली विचारू लागले. मग त्याला बँकॉकहून बोलावणी यायला लागली. तिथल्या एखाद्या उगवत्या पोराला जिंकून दाखवायला समोर कोणीतरी लागतो, तो हा. चारदा गेला, चारदा गुणांवर हरला, पण एकदाही आडवा झाला नाही. "पडलो नाय," परत आला की एवढंच सांगायचा. आणि येताना हॉटेलातले छोटे छोटे साबण आणायचा, पाड्यावर घरटी एक. आमच्या घरी दोन. आठवडाभर सगळ्या पाड्याला एकच वास यायचा. मी आपला लाल साबण लावत राहिलो.

आता माझं घर बघा. माझी बायको सुमन त्याच्यासाठी बिनमिठाची नाचणीची भाकर वेगळी करायची. "भावजींना मीठ चालत नाय लढाईच्या आधी," असं मला सांगायची, जशी काय मला माहितीच नाही. आई म्हणायची, "कैलास बघ, इमानात बसला." नाक्यावर चहा प्यायला गेलो तर चहावाला आधी विचारणार, "काय म्हणतो कैलास?" मी त्याला दोनदा हरवलंय, हे त्या नाक्यावर कोणाला माहीत नव्हतं. मी एकदा सांगून पाहिलं. सगळे हसले.

मग ती लढत ठरली. देशाच्या किताबाची, दहा फेऱ्यांची, मुंबईत. जिंकला असता तर त्याला परदेशात हरायला नव्हे, लढायला बोलावलं असतं. वय एकोणतीस. या वजनात तिशी म्हणजे म्हातारपण, तेव्हा दुसरी संधी येणार नव्हती हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. नाक्यावर बॅनर लागला. वर सहा पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, खाली कोपऱ्यात कैलास. दीड महिना तो उकडलेल्या भाज्यांवर होता. गालांची हाडं वर आली होती.

लढतीच्या आदल्या दिवशी मुंबईत अधिकृत वजन होतं. त्या सकाळी तो जरा उशिरा आला. मी काटा दिवसाच्या कामाला लावून ठेवला होता. म्हणजे काय, ते सांगतो. भात तोलताना पोत्याचं वजन धरत नाहीत. सकाळी रिकामं बारदान काट्यावर ठेवायचं, बटण दाबायचं, की काटा शून्यावर येतो. मग बारदान उचललं की काटा वजा सहाशे ग्रॅम दाखवतो. पुढे जे काही वर ठेवाल, त्यातून सहाशे आपोआप कापले जातात. माणसाचं वजन करायचं असेल तर आधी तेच बटण पुन्हा दाबावं लागतं. रोज मी ते बघून घ्यायचो.

सुमन चहाचा कप घेऊन दाराशी उभी होती. कैलास काट्यावर चढला, डोळे मिटले आणि तसाच डोळे मिटून म्हणाला, "बाळू, खरं सांगू का? शाळेत तू मला दोनदा हरवलंस. तू हलका राहिला असतास तर आज इथं तूच उभा असतास. मला कोणी विचारलं पण नसतं."

त्याने हे मनापासून म्हटलं होतं. सगळ्या तालुक्यात ही गोष्ट आठवणारा तो एकटा निघाला, आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. माझं बोट बटणावर होतं. मी ते काढून घेतलं.

"किती रे?"

"सत्तेचाळीस चारशे," मी म्हणालो. "दोनशे ग्रॅम कमीच."

तो एवढा खूश झाला की दीड महिन्यात पहिल्यांदा सुमनच्या हातचा अर्धा कप चहा प्यायला. "वहिनी, साखर पण घातलीत!" म्हणाला. वजन उतरावं म्हणून बिचारा सकाळपासून थुंकत होता, तेही थांबवलं. मी त्याच्या बरोबर जाणार होतो, कोपऱ्यात बादली धरायला. आम्ही दोघे खर्डीहून लोकलने निघालो. वाटेत त्याने खिडकीबाहेर बघण्यापलीकडे काही केलं नाही. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

मुंबईत हॉटेलच्या हॉलमध्ये वजनाचा काटा, पुढे फोटोवाले. कैलास चढला, डोळे मिटले. काट्याजवळच्या माणसाने मोठ्याने आकडा वाचला, "अठ्ठेचाळीस शंभर." अर्धा किलो जास्त. खोटं कशाला सांगू, मला क्षणभर बरं वाटलं. छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं. मग कैलासने डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. शाळेपासून त्याच्या कोपऱ्यात असणारे मोरे सर आधीच मुंबईत पोचलेले होते, ते तिथेच ओरडले, "अरे, घरून करून निघालास ना वजन? काय केलंस वाटेत?"

"वडापाव खाल्ला, सर," कैलास म्हणाला. "कल्याणला. राहवलं नाय."

सरांनी कपाळावर हात मारला. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला मला दोन तास मिळाले, कारण वजन उतरवायला तेवढी मुदत देतात. ते दोन तास तो अंगावर प्लास्टिक घालून हॉटेलच्या मागच्या जिन्यावर चढ-उतार करत होता. मी प्रत्येक मजल्यावर त्याला टॉवेल देत होतो, आणि गप्प होतो. शेवटी घाम येईना, तेव्हा त्याने डोक्यावरचे केस कापून घेतले. वजन बसलं. उतरताना त्याचे पाय लटपटत होते.

लढतीत पाचव्या फेरीपर्यंत तो पुढे होता. आवणीसारखा मागे सरकत, डावा हात टपकन. सहाव्यात त्याचे पाय संपले. मी अनेकदा लढलो आहे, मला पाय संपलेले कळतात. फेरी संपली की तो स्टुलावर बसायचा, मी त्याच्या तोंडात पाणी ओतायचो, आणि तो म्हणायचा, "किती राहिल्या?" त्या उरलेल्या चार फेऱ्या मला त्याच्या जागी उभं राहून खायला मिळाल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. पण तेव्हा सुचून काय उपयोग? तो पडला नाही. गुणांवर हरला, तेही अगदी थोडक्यात.

आणि मग वडापाव आला. आमच्याकडे एक गोष्ट लोकांना मिळाली की ती पुरवून पुरवून वापरतात. डोळखांबपासून मुरबाडच्या बाजारापर्यंत कैलासचं नाव वडापाव पडलं. लग्नात पंगतीत बसला की कोणीतरी ओरडायचं, "ए, त्याला एक वडापाव वाढा!" बॅनर लावणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त थट्टा केली. कैलास हसायचा. खोटं खोटं नाही, बऱ्यापैकी हसायचा. त्याच्या बाजूला बसून मीही हसायचो. पुढच्याच आठवड्यात तो माझ्या काट्यावर आला होता आणि डोळे मिटून उभा राहिला होता. मी बटण तीनदा दाबलं.

दोन वर्षं तो किरकोळ लढती लढला, मग बोलावणी बंद झाली. यंदा त्याला पुण्याच्या एका व्यायामशाळेत पोरांना शिकवायचं काम मिळालं. निघायच्या दिवशी सगळा पाडा जमला. सुमनने भाकरी बांधून दिल्या. एक म्हातारा म्हणाला, "पुण्यात तरी वडापाव नको खाऊ रे बाबा," आणि सगळे हसले. मी त्याला खर्डीला सोडायला गेलो. स्टेशनात बाकावर आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "कैलास, ते बारदान..."

"माहीत हाय," तो म्हणाला. "मी पण भात घालतो ना तुझ्याकडं. अर्धा किलो कुठं गेला ते मला तितंच कळलं."

"मग सरांना का नाय सांगितलंस?"

तो म्हणाला, "सरांनी तुला तितनंच हाकलला असता. दहा फेऱ्या होत्या. बादली कोणी धरली असती? पाड्यावरनं दुसरं कोण आलं होतं?"

मी विचारलं, आता लोकांना सांगू का. तो म्हणाला, "तुला सांगायचं तर सांग. माझ्यासाठी नको सांगू. मला वडापावची सवय झाली." गाडी आली. चढताना त्याने पुन्हा वळून सांगितलं की आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. माझ्या आईच्या.

मी फलाटावर उभा राहून त्याचा हेवाच करत होतो. दोन वर्षं माणसं त्याला हसत होती आणि त्याने एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मला ते या जन्मी जमलं नसतं. त्याला जमलं, याचा मला त्या घडीलाही राग येत होता.

परत येताना नाक्यावर थांबलो आणि चहाच्या टपरीवर, पाच-सहा जणांसमोर सगळं सांगितलं. बारदान, बटण, आकडा, काही ठेवलं नाही. मग चहावाला म्हणाला, "बाळू, मानलं तुला. दोस्त गेला, तर त्याची चूक पण आपल्या अंगावर घेतोस?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या चहाचे पैसे मला कोणी देऊ देईना. त्या नाक्यावर कैलासपेक्षा माझं जास्त कौतुक झालं, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. मी शपथ घेतली, तर ते आणखीच खूश झाले.

घरी आलो. सुमन चुलीपाशी भाकर थापत होती. तिला तेच सगळं पुन्हा सांगितलं. तिचे हात थांबले, पण तिने वर पाहिलं नाही.

"भावजी वडापाव खाणारे नव्हते," ती म्हणाली. "मला तवाच वाटलं होतं."