बर्फातले दुधाचे कॅन

ओहायोतल्या डब्लिनमध्ये देवदत्त कुलथे अगदी निरुपद्रवी माणूस म्हणून ओळखला जायचा. विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम, शनिवारी लॉन कापणं, रविवारी पोहे. पण सप्टेंबरात तो घरामागच्या लाकडी डेकवर चहा पीत असताना अंगठ्याएवढा, फुलांतला मध पिणारा हमिंगबर्ड त्याच्या नाकासमोर क्षणभर फडफडला, उघड्याबोडक्या डेककडे बघून निघून गेला. ते देवदत्तच्या मनाला लागलं. पाहुणा दारात आला आणि आपल्याकडे साधं फूल नव्हतं, हे त्याने बायकोला, सुहासिनीला, आठवडाभर ऐकवलं.

मग त्याने शोध लावला की या पक्ष्यांना आवडणाऱ्या काही लाल फुलांच्या बिया थंडी खाल्ल्याशिवाय उगवत नाहीत. दुधाचे प्लास्टिकचे कॅन कापायचे, माती भरून बी पेरायचं आणि हिवाळाभर बाहेर ठेवायचे. कॅन हवेत म्हणजे दूध संपायला हवं. घरात खीर, बासुंदी, पनीर यांचा रतीबच सुरू झाला. शेवटी मुलगी इशिता ताट सरकवून म्हणाली, "डॅड, आय अ‍ॅम लॅक्टोज इनटॉलरंट नाउ."

जानेवारीत डेकवर कॅनच कॅन झाले. शेजारचा डेल, अग्निशमन दलातून रिटायर झालेला सज्जन माणूस, कचऱ्याची गाडी चुकते का, असं दोनदा हळूच विचारून गेला. कुलथे मंडळी एडिसन शहरात लग्नाला गेली, तेव्हा त्याने शेजारधर्म पाळला. परत येऊन बघतात तर डेक लख्ख झाडलेला आणि कॅन गायब.

डेल कौतुकाच्या अपेक्षेने कुंपणापाशी उभा होता. देवदत्तने आधी थँक यू म्हटलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "डेल, माझी बाग कुठे टाकलीस?"

ती अजून त्याच्या पिकअपमध्येच होती. डेल कानापर्यंत लाल झाला. सगळे कॅन त्याने स्वतः उचलून आणले आणि प्रायश्चित्त म्हणून निम्मे आपल्या डेकवर सांभाळायला घेतले.

मे महिन्यात रोपं बोटभर झाली. दोघं ती जमिनीत लावत असताना एक हमिंगबर्ड आला आणि डेलच्या लाल टोपीपुढे तरंगू लागला.

"हलू नकोस," देवदत्त कुजबुजला.

डेल गुडघ्यांवर पुतळ्यासारखा थांबला. टोपीत मध नाही हे कळल्यावर पक्षी गेला, पण डेलला उठवायला सुहासिनीलाही हात द्यावा लागला.

फुलं आली ती पुढच्या उन्हाळ्यात, दोन्ही अंगणांत, रसरशीत लाल. त्यांच्याबरोबर एक महाभांडकुदळ नर आला. दोन्ही बागा आपल्याच बापाच्या, अशा थाटात तो दुसऱ्या एकाही पक्ष्याला टिकू देईना. देवदत्त आणि डेल रोज संध्याकाळी आपापल्या डेकवर बसून त्याला शिव्या घालतात, एक मराठीत आणि एक इंग्रजीत.