तसलं मॉडेलिंग

साताऱ्याहून मिरजेला जाणाऱ्या एसटीत त्या मावशी माझ्या शेजारी, खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली, पदर दर थोड्या वेळानं सारखा करायची सवय. कराड सोडल्यावर त्यांनी मला भाजलेल्या शेंगा दिल्या आणि विचारलं, "काय करतीस गं बाय?"

"मॉडेलिंग," मी म्हटलं. प्रयोगशाळेत आम्ही एवढंच म्हणतो.

मावशींचा चेहरा उजळला. "व्हय?" म्हणत त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला. त्यांना जाहिरातीतलं मॉडेलिंग वाटलं होतं. पुढच्या सीटवरचे दोघं वळून माझ्याकडे बघायला लागले, तशी मी घाईनं म्हटलं, "अहो, तसलं नाही. गणिताचं. रसायनाच्या टाकीत क्षार कधी तळाला बसेल, ते आधीच गणितानं काढायचं."

"आसं हाय व्हय." मोबाइल परत पिशवीत गेला. बराच वेळ त्या शेंगांची फोलपटं चिमटीत चुरत राहिल्या. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "माझी लेक तसलंच करती. मुंबईला. फोटू दावणार हुते."

"दाखवा ना," एवढंच म्हणायचं होतं. सांगलीचं विश्रामबाग आलं तरी ते तोंडातून निघालं नाही. उतरताना त्यांनी उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या, आणि मी त्या घेतल्या.