चित्राशेजारी उभा केलेला माणूस

"हेल्मेट काढू नकोस रे. फोटो चाललेत."

गॅलरीच्या मॅनेजर मॅडम हे मराठीत बोलल्या. पाहुण्यांना कळू नये म्हणून. दुबई मरीनातली गॅलरी, प्रदर्शनाच्या उद्घाटनाची संध्याकाळ. भिंतीवर कामगाराचं भलंमोठं चित्र आणि चित्राशेजारी मी. चित्रात आहे तसंच निळं कव्हरऑल, तसंच पिवळं हेल्मेट. हेल्मेट दुपारीच ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारातून आणलेलं. कव्हरऑलच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. पाहुणे माझ्या खांद्यावर हात टाकून सेल्फी घेत होते. एक बाई मॅडमना इंग्रजीत म्हणाली, "किती ऑथेंटिक आहे हा!" माझ्याशी कुणीच बोललं नाही.

मी आयुष्यात वीट उचललेली नाही. मी लातूरचा. पेंटिंगचा डिप्लोमा केलाय. या गॅलरीत भिंतीवर चित्रं टांगतो.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी पुण्याच्या या मॅडमनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर नेमकं कुठे. मी म्हटलं, "मॅडम, सरळ जातच विचारा ना." त्या हसल्या. "अरे, इकडे कोण मानतं ते?" माझा चहाचा कप वेगळा झाला नाही. फक्त माझं नाव गेलं. त्या दिवसापासून मी 'तो हँगिंगवाला'.

चित्रकार मूळचा क्युबाचा. लहानपणी आईबरोबर मायामीला पळून आला, अमेरिकन झाला, म्हातारा झाला. इथले कामगार रंगवायला आला होता, पण बांधकामाच्या साइटवर जायची परवानगी मिळेना. मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याला बसवा. ह्याचा चेहरा चालेल."

मी बसलो. त्याचा ब्रश जवळून बघायला मिळणार होता म्हणून बसलो.

रंगवताना तो बोलायचा. मायामीत आधी हॉटेलांचे बोर्ड रंगवले. मग एका डीलरने चित्रं घेतली, पण अट घातली. गवती टोपी घालायची, तोंडात सिगार धरायचा आणि चित्रापाशी उभं राहायचं. लोकांना क्युबा दिसला पाहिजे. "चित्राकडे कोण बघतंय, अमीगो? सगळे टोपीकडे बघायचे." हे सांगताना त्याचा हात थांबायचा. मला तो माझा माणूस वाटला.

त्या संध्याकाळी तो समोरच उभा होता. त्याने मला बघितलं. हेल्मेट बघितलं. त्याला सगळं कळलं, हे मला कळलं.

आणि तो वळून एका गिऱ्हाइकाशी बोलू लागला.

मॅडमचा अपमान मी गिळला असता. गिळायची सवय आहे. पण हे घशाखाली उतरेना. ज्याने सोसलं तोच पाठ फिरवतो, म्हणून तर हा धंदा चालतो.

मी हेल्मेट काढलं. त्याच्यापाशी गेलो आणि त्याच्या हातात दिलं. इंग्रजीत म्हणालो, "ही तुमची टोपी. तुम्हीच घाला."

फोन खाली आले. मॅडम आवाज दाबून म्हणाल्या, "तमाशा करू नकोस. व्हिसा आमचा आहे, विसरलास? उद्या खलास करीन."

"करा. व्हिसा तुमचा, मॅडम. डोकं माझं. मी चित्रकार आहे हे सगळ्यांना सांगा. नाहीतर मी सांगतो."

त्या सांगणार नव्हत्या. मी सांगितलं. मोठ्याने. नाव, आडनाव, गाव. कुणी टाळी वाजवली नाही. म्हाताऱ्याने हेल्मेट टेबलावर ठेवलं.

इंटरनॅशनल सिटीतल्या खोलीवर तसाच पोचलो, कव्हरऑलमध्ये. माझ्या खोलीतले चिपळूणचे दादा खरे साइटवरचे. सळया बांधतात. मला बघून म्हणाले, "काय रे, बुर्ज खलिफा एकट्यानेच बांधून आलास काय?"

मी सगळं सांगितलं. त्यांचं हसू गेलं.

"म्हणजे चित्रं आमची, आणि त्यात आम्ही कुठेच नाही?"

ही थप्पड मॅडमच्या बोलण्यापेक्षा जोरात बसली. मला दुसऱ्याच्या जागी उभं केलं होतं, आणि मी उभा राहिलो होतो.

व्हिसा जाईल. जाऊ दे. इथे असेन तोवर आणि गेल्यावरही मी रंगवणार. दादांना रंगवीन. त्यांना विचारून, त्यांच्या नावासकट, ते म्हणतील तसं. आणि त्या संध्याकाळची माणसंही रंगवीन. फोन धरलेले हात, दबक्या आवाजात धमकावणाऱ्या मॅडम, पाठ फिरवलेला म्हातारा.

त्यांना मात्र विचारणार नाही.